दोन रांगांची पंगत

मोठा दिवा नको लावूस स्वराली, टेबलावरचा पुरे. स्पृहाला आत्ता कुठे झोप लागलीय आणि तुझ्या हॉलमधला उजेड थेट त्या खोलीत जातो. ये, बस अशी. मी तुला फोनवर म्हटलं होतं ना, की हिला दोन दिवस तुझ्याकडे ठेवायचंय, का ते आल्यावर सांगते. तर सांगते. मधे हसायचं नाही, एवढंच. सिद्धेश हसतो तेवढं पुरे आहे मला.

सुरुवात अगदी साधी झाली. मागच्या सप्टेंबरात सासूबाई आमच्याकडे हॅनोव्हरला होत्या. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, मिरजेच्या घरात त्या एकट्या, म्हणून सिद्धेश म्हणाला, यंदाचा पितृपंधरवडा माझ्याकडे करू. आमचं दोघींचं तुला ठाऊकच आहे. भांडण असं कधी नव्हतं, पण ओटा एक आणि बायका दोन. मी मीठ घातलं की त्या चव बघणार, त्यांनी फोडणी दिली की मी धुराच्या अलार्मकडे बघणार. आणि त्यांची ती आमंत्रणं! पार्सलवाला आला, ‘या हो जेवायला.’ खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ ल्यूडर्स जिन्यात भेटल्या, ‘या हो एकदा, सगळ्यांना घेऊन या.’ तेही शुद्ध मराठीत. त्या बिचाऱ्या जर्मनमधलं ‘जा, जा’, म्हणजे हो-हो, म्हणून हसायच्या. मला मेलं लाजल्यासारखं व्हायचं.

त्या महिन्यात एक रविवार असतो बघ, जुनी बंद ठेवलेली देवळं-वाडे लोकांना बघायला उघडतात तो. आई घरात कंटाळल्या होत्या, म्हणून आम्ही जवळच्या एका खेड्यातलं चर्च बघायला गेलो. गावाचं नाव घेत नाही आता. चर्च लहानसं, आत ओल्या दगडाचा वास. टीडेमान म्हणून एक म्हातारे गृहस्थ माहिती सांगत होते. वेदीच्या बाजूला काचेच्या पेटीत चांदीचा एक हात होता, कोपरापासून बोटांपर्यंत. त्याच्या आत म्हणे एका राजाचं हाड आहे. चौदाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात होऊन गेलेल्या ओस्वाल्ड नावाच्या राजाचं.

टीडेमान सांगत होते, मी आईंना मराठीत करून सांगत होते. ओस्वाल्ड लहान असताना त्याच्या बापाला लढाईत मारलं आणि गादी घेतली कुणी, तर सख्ख्या मामाने. पोरगं जीव मुठीत धरून उत्तरेला पळालं. सतरा-अठरा वर्षं परक्यांत वाढलं. मग तो मामाही मारला गेला, मोठा भाऊही मारला गेला, तेव्हा हा मूठभर माणसं घेऊन परत आला आणि स्वतःच्या हाताने लाकडी क्रूस रोवून लढाई जिंकला.

“अगबाई, इथेही भाऊबंदकी,” आई म्हणाल्या. “आमच्याकडे बांधावरून, ह्यांच्याकडे राज्यावरून.”

राजा म्हणून आठच वर्षं मिळाली त्याला. एका ईस्टरला तो जेवायला बसणार, तर बाहेर रस्त्यावर भुकेली माणसं बसलीत असं कळलं. त्याने पुढचं ताट तसंच उचलून पाठवलं, ताट चांदीचं होतं तेही फोडून वाटायला सांगितलं. शेजारी बिशप बसला होता, त्याने राजाचा उजवा हात धरला आणि म्हणाला, हा हात कधी न कुजो. पुढे पेंडा म्हणून शेजारचा राजा चालून आला. त्याने ओस्वाल्डला मारलं, डोकं आणि हात तोडले आणि खांबांना लटकवून ठेवले. वर्षभर. मग धाकट्या भावाने जाऊन ते उतरवून आणले. पडता पडता राजा स्वतःसाठी काही मागत नव्हता म्हणे, आपल्या सैनिकांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करत होता.

आईंच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी मला विचारायला लावलं, “त्या सैनिकांचं मग कोणी केलं?”

टीडेमाननी खांदे उडवले. नावंसुद्धा कुणी लिहिली नाहीत म्हणाले, ह्याच्याही नाहीत आणि त्या दुसऱ्याच्याही नाहीत.

आईंनी पेटीपुढे हात जोडले. आणि आपल्या त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “अमावास्येला आमच्याकडे पान आहे. जेवायला या हो. एकटे येऊ नका, सगळ्यांना घेऊन या. त्यांच्याकडच्यांनाही आणा. मेल्यावर कसली आलीय बाजू?”

मी हे टीडेमानना सांगितलं नाही. स्पृहाने सांगितलं, टुणकन जर्मनमध्ये, की माझ्या आजीने राजाला जेवायला बोलावलंय, दोन्ही सैन्यांसकट. मला वाटलं म्हातारा हसेल. तो हसला नाही. त्याने आईंकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, “तुमच्याकडे जागा आहे तेवढी?” मी आपली हो हो म्हणून बाहेर पडले.

सर्वपित्री अमावास्या पुढच्याच रविवारी होती. आई पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाकाला लागल्या. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं. अळू कुठून मिळणार, तर मांगोल्डची पानं घेतली. मिरजेचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर. गॅलरीत बाबांचं पान ठेवलं आणि दोन मिनिटांत कावळा आला, शिवला. कावळ्यांना तोटा नाही गं इथे. सिद्धेश पिंड घेऊन नदीवर गेला आणि मी म्हटलं, चला, सुटलो.

तर आईंनी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायला घेतला. आशियाई दुकानातून आणलेली केळीची तीन पानं उरली होती. एक त्यांनी खिडकीपाशी मांडलं, मधोमध, पाटासकट. ते राजाचं. एक डाव्या भिंतीशी, एक उजव्या भिंतीशी. एक राजाच्या माणसांच्या नावाचं, एक त्या पेंडाच्या. मी म्हटलं, “अहो आई, गॅलरीत ठेवा की.” तर म्हणाल्या, “पाहुणे आहेत ते. गॅलरीत बसवू?” वादात कोण पडणार? मी वडे तळायला आत गेले. स्पृहाला त्यांनी मिठाची वाटी दिली हातात. पंगतीत मीठ लहान मुलांनी वाढायचं, तसं.

साडेबारा झाले असतील. लख्ख दुपार. रविवार, त्यामुळे सगळी इमारत चिडीचूप. पहिल्यांदा वास आला. भिजलेल्या लोकरीचा, घोड्याचा, आणि पितळेचं भांडं ओल्या हाताने घासल्यावर येतो ना, तसा. मला वाटलं मोरी तुंबली. मी खाली वाकून बघतेय, तेवढ्यात हॉलमधून आवाज यायला लागला... माणसं बसल्याचा. लग्नात पंगत बसते तेव्हा कसा येतो, गुडघे मोडून, सुस्कारा टाकून, सरकून जागा करत, तसा. पण बोलणं नाही. एक शब्द नाही. नुसतं बसणं, आणि ते संपेचना. लाकडी जमीन दारापासून खिडकीपर्यंत करकरत गेली, मग पुन्हा दारापासून.

मी झारा हातात घेऊन दारात आले. हॉल रिकामा, तीन पानं तशीच मांडलेली. आणि आई कमरेत वाकून भात वाढत होत्या. जिथे पान नव्हतं, काही नव्हतं, तिथे. एक डाव, एक पाऊल मागे, एक डाव, एक पाऊल मागे. भात डावातून खाली पडताना मी बघितला. जमिनीवर एक शीत नव्हतं.

“आई...” मी म्हटलं.

“आत ये, पण मधूनच चाल,” त्या मागे न बघता पुटपुटल्या. “कडेला नको. पाय लागतील.”

“कुणाला?”

“बसलेत ना.”

खरं सांगते, आधी वाटलं ह्यांना काहीतरी झालं, अर्धांगाचा झटका वगैरे. मग मला स्पृहा दिसली. खोलीच्या बरोबर मधे, मिठाची वाटी छातीशी धरून उभी होती, हलत नव्हती. तिची हनुवटी वर होती. समोर आपल्यापेक्षा खूप उंच माणूस असला की आपण जशी वर करतो, तशी.

“विभा, चूक माझीच,” आई वाढता वाढता कुजबुजत होत्या. “दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवलं मी. पाठीला पाठ लावून बसवायला हवं होतं. जेवतायत तोवर ठीक आहे... वाढायची मी थांबले की हात कमरेकडे जातात गं त्यांचे.”

“स्पृहाला बाहेर काढा आधी!”

“तिला हलवू नकोस. उठले तर तिच्या अंगावरून जातील.”

मी ऐकते होय? मी हाक मारली तिला, एक पाऊल पुढे टाकलं. दोन्ही भिंतींकडून जमीन एकदम करकरली. एकदम, स्वराली. आणि माझी ती नऊ वर्षांची पोर ओठ न हलवता म्हणाली, “आई, नको.”

मी होते तिथेच थांबले. आई मात्र वाढतच होत्या. भात संपत आला होता, भाजीचं पातेलं रिकामं झालं होतं. वडे मी किती तळले होते, चाळीस? सगळे गेले. मी विचारलं, आता काय करायचं. त्या म्हणाल्या, “पंगत उठवायची. ताकभात वाढ. ताकभात झाला की कुणी बसून राहत नाही.”

ताक कुठलं घरात? फ्रीजमध्ये बुटरमिल्शचे दोन खोके होते. तेच उरलेल्या भातात ओतले, मीठ टाकलं, हाताने कालवलं आणि आले. डाव्या रांगेला सुरुवात केली. काही दिसत नव्हतं मला, शपथ. पण वाकले की मनगटावर ओला, गार श्वास लागायचा. चौथ्या की पाचव्या जागी डाव मधेच अडला. आपण कसं ‘पुरे’ म्हणून पानावर आडवा हात धरतो, तसा खालून कुणीतरी धरला होता. मी “बरं” म्हटलं. बरं म्हटलं मी, आणि पुढे सरकले! दुसरं काय करणार होते?

दोन्ही रांगा झाल्या. कोणी उठेना.

शांतता अशी, की खालच्या मजल्यावर फ्राऊ ल्यूडर्सच्या घड्याळाचा टोला ऐकू आला. मग डावीकडून एक बारीक आवाज आला, कातड्यावर धातू घासल्याचा. मग उजवीकडून. आईंनी खिडकीकडे बघितलं. पाटापुढचं ते मधलं पान जसं वाढलं होतं तसंच होतं. खिरीवर साय धरली होती.

“मुख्य पाहुणा जेवलाच नाही,” त्या म्हणाल्या. “तो उठल्याशिवाय बाकीचे कसे उठतील? का बरं जेवत नाही हा...”

“आजी,” स्पृहा म्हणाली, “त्याला हात नाहीयेत.”

“अगबाई!” आई म्हणाल्या. पाहुण्याला पाणी द्यायचं राहिलं तर म्हणतील, तशाच. पदर खोचला, पाटासमोर मांडी घालून बसल्या, वरणभात कालवला आणि पहिला घास समोर धरला.

हात पुढे जायचा आणि स्वच्छ परत यायचा. वडा त्यांनी लहान तुकडे करून दिला. खीर बोटांनी दिली. चवथ्या-पाचव्या घासाला त्यांचं कोपर थरथरायला लागलं, ओठ निळे पडले. मी म्हटलं, आई, सोडा, मी भरवते. त्यांनी मान हलवली. “एकाच हाताने संपवायचं असतं,” म्हणाल्या. शेवटचा ताकभाताचा घास गेला आणि त्यांनी समोर, हवेत, पदराने काहीतरी पुसलं. मी नंतर त्यांना विचारलं होतं, तोंड होतं का हो त्याला? डोकंही तोडलं होतं ना? त्या म्हणाल्या, ते तू विचारू नकोस.

मग सगळे उठले. स्पृहाच्या कपाळावरचे केस दोन्ही बाजूंनी हलले, ती डोळे मिटून उभी राहिली आणि ते तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेले. मी धावत जाऊन तिला उचललं, घट्ट धरलं, म्हणून मला आईंचं तोंड दाबता आलं नाही. कारण आई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि सवयीने म्हणाल्या, “सावकाश जा हं. पुन्हा या. पुढच्या वर्षी ह्याच तिथीला.”

दुसऱ्या दिवशी फ्राऊ ल्यूडर्स आल्या. चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. रविवारी एवढे पाहुणे बोलवायचे तर निदान बूट काढायला सांगा म्हणाल्या, दाराच्या भोकातून ऐंशीपर्यंत मोजले आणि मग सोडून दिलं. सिद्धेशने काय म्हणावं? म्हाताऱ्या माणसाचा भास आहे.

आईंचा उजवा हात कोपरापर्यंत गार पडला तो पडलाच. दवाखान्यात नेलं, मनगटाला नाडी लागेना, आणि नखं मात्र गुलाबी. डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा मशीन बदललं. सिद्धेश म्हणतो, मधुमेह. असेल बाई. पण त्या हाताने त्यांना चमचासुद्धा धरवेना, तेव्हा मी भरवायला लागले त्यांना. पाच आठवडे, दोन्ही वेळा. पहिल्या दिवशी आम्ही दोघी लाजलो. मग सवय झाली. घास चावता चावता त्या मला सांगायच्या, मीठ बरोबर पडलंय हो आज. मला इतकी माया आली त्या बाईची, काय सांगू तुला. चौदा वर्षं आम्ही ओट्यावरून कुरकुरत काढली आणि जवळ आलो ते असे.

जाताना विमानतळावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “मी बोलून बसलेय, ते येणार. मी नसले तर तू भरव. पोरीला त्यांच्यासमोर बसवू नकोस. तिने बसायला नको, काही झालं तरी.” मार्चमध्ये त्या गेल्या. झोपेतच.

परवा अमावास्या आहे. सिद्धेश मुद्दाम म्युनिकला कामाला निघून गेलाय, माझ्यावर वैतागून. मी सकाळच्या गाडीने एकटी हॅनोव्हरला जाते, उद्या स्वयंपाकाची तयारी करते आणि परवा दुपारी त्या पाटापुढे बसते. भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण हात माझा गार पडला तर पडू दे, तिचा नको. ती अलीकडे सारखी म्हणते, या वर्षी मी भरवते, मला येतं. म्हणून तिला घेऊन इतक्या लांब आले तुझ्याकडे. हॅनोव्हर ते स्टुटगार्ट, पाचशे किलोमीटर. तीन आठवड्यांपूर्वी तिकीट काढलं त्याच दिवशी तिला सांगून टाकलं होतं, की या अमावास्येला तू स्वरालीमावशीकडे असणार. तू फक्त परवा दुपारी तिच्या हातात काही वाढायला देऊ नकोस. बाकी काही...

कोण ते? स्पृहा? उठलीस का गं? पाणी हवंय?

“नाही. आई, तू उद्या नको जाऊस. तिथे कोणी नाहीये.”

कोणी नाही म्हणजे?

“ते कधीच निघाले तिथून. अमावास्येला तुम्ही कुठे असणार, असं त्यांनी विचारलं मला, तेव्हा मी पत्ता सांगितला. हाउसनंबर पण सांगितला. गेनाऊ, अगदी बरोबर सांगितला मी. चालत येतात ना ते, म्हणून तेव्हाच निघाले. आज हायलब्रॉनच्या पुढे आलेत, इथून दोनच दिवसांवर.”

स्वराली, थांब, तू काही बोलू नकोस. स्पृहा, इकडे ये माझ्याजवळ. कोणी विचारलं तुला? स्वप्न पडलं का?

“आजीने विचारलं. आजी त्यांच्यातच आहे. मधे चालते, दोन्ही रांगांच्या मधे, आणि वाढत वाढत येते. थांबता येत नाही तिला. ती खूप दमलीय, आई. परवा जेवणं झाली की तिला सोडणार आहेत. पण मग मधे चालायला दुसरं कोणीतरी हवं ना?”

मी आहे. मी चालेन, सांग त्यांना. ऐकलंस? मी येते म्हणून सांग.

“सांगितलं मी. ते नाही म्हणाले.”

बरं... बरं. ये, आधी मांडीवर ये. अगं, आणि पायात हे बूट कशाला घातलेस?